सत्तावीस इंच

जयूचा कॉम्प्युटर गेला तो मंगळवारी सकाळी, आणि गेला तोही वाक्याच्या अर्ध्यात. आधी आतला पंखा घरघरला, मग पडदा निळा झाला, त्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या आणि सगळं काळं. तिने बटण दाबलं, तार काढून पुन्हा लावली, मारुतीचं नाव घेतलं, शेवटी एक चापटही ठेवून दिली. चौदा वर्षांचा तो डबा ढिम्म. दुपारी दुरुस्तीवाला आला, झाकण उघडून आत डोकावला आणि "मदरबोर्ड गया, आंटीजी" म्हणून हात झटकून निघून गेला.

दुसरी कुणी असती तर चार दिवस हळहळली असती आणि विसरली असती. पण जयू मोडी वाचते. उज्जैनमध्ये मोडी वाचणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि त्यातल्या निम्म्यांना स्वतःची सहीसुद्धा दिसत नाही. जयूच्या माहेरचे लोक सात पिढ्यांपूर्वी सरदारांच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. वडिलांनी तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत मोडी शिकवली, बाकीच्या मुली लंगडी खेळत असताना. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या सुट्ट्या कामी आल्या. पुण्यातली एक संशोधन संस्था तिला जुन्या पत्रांचे फोटो मेलवर पाठवते, आणि ती ते वाचून देवनागरीत टाइप करून परत पाठवते. तीनशे चाळीस पत्रांपैकी दोनशे बारा झाली होती. उरलेली नोव्हेंबरअखेर हवी होती. "नाही जमलं तर सांगा हं, इथलंच कुणीतरी बघू," असं संस्थेच्या मधुराबाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं. त्या गोड आवाजाची जयूला धास्ती होती.

त्याहून मोठी धास्ती डोळ्यांची. उजव्या डोळ्याचा पडदा झिजत चाललाय, असं डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. औषध आहे, पण ते थांबवायचं औषध, भरून काढायचं नव्हे. म्हणजे जे वाचायचं ते आत्ता वाचायचं. ही एकशे अठ्ठावीस पत्रं आपल्या हातून पुरी व्हावीत, एवढी एकच इच्छा तिने गेल्या दहा वर्षांत स्वतःसाठी म्हणून धरली होती.

आणि मोडी ही काही कुठेही वाचायची लिपी नाही. लिहिणारा आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि मग हात न उचलता त्या रेघेला अक्षरं टांगत जातो. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, याची खूण नाही. सगळी ओळ एकदम नजरेसमोर असली तरच डोकं चालतं. ओळ मोठी करून पाहायची तर ती पडद्याबाहेर जाते, आणि अर्धी ओळ वाचणं म्हणजे खिडकीतून वरात पाहणं. जुन्या सतरा इंची चौकोनी पडद्यावर तिने दोन वर्षं ओळी इकडून तिकडे सरकवत काढली होती. आता डोळा ते सोसत नव्हता. तिने शिवणाच्या टेपने मोजून हिशेब केला होता. आपल्याला दिसेल एवढं अक्षर आणि त्यासोबत पुरी ओळ, तर पडदा सत्तावीस इंची हवा.

कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा ती ज्या पत्रात होती, ते उज्जैनच्याच एका कारकुनाचं होतं, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं. "कागद सरला. दफ्तराचें काम खोळंबलें. कागद पाठवावा म्हणोन तीन वेळां विनंतीपत्र लिहिलें. त्याजवर हुजुरून" इथपर्यंत तिने टाइप केलं, आणि घरघर झाली. हुजुरून काय आलं? कागद आला, की शिव्या आल्या? जयूने फोनवर ते पत्र उघडून पाहिलं, तर अक्षरांच्या मुंग्या झाल्या. तो कारकून तिच्या डोक्यात बसूनच राहिला.

बंगळूरला असलेल्या मुलाला, आल्हादला, तिने फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. नेहमीच असतो.

"आई, डेस्कटॉप आता घेतं का कोणी? टॅब घे. बोटांनी मोठं करता येतं."

"मोठं केलं की ओळ तुटते रे."

"मग आडवा धर ना."

आडवा धर! जयूने फोन ठेवला. मग एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, "मोठा पडदा, सत्तावीस इंच. बाकी काहीही चालेल." आणि तो कागद नवऱ्याच्या हातात दिला. भय्यासाहेबांनी "कळलं, कळलं" म्हणत त्याची घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिकेचा तुकडा, सगळं त्यांच्या चष्म्याच्या घरातच जातं.

भय्यासाहेब हे नाव राजवाडी वाटतं, पण माणूस रेल्वेचा. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून एकट्याने बसून काढली. त्यामुळे की काय, निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी दोन शब्द गोड बोललं की ते विरघळतात. दुकानदाराने चहा मागवला की संपलं. चहा पिऊन नाही कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण, असं जयूने त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. चाळीस वर्षं झाली, बहीण अजून घरात नांदते आहे. गंमत म्हणजे सगळ्या जगाला हो म्हणणाऱ्या या माणसाला बायकोला मात्र नाही म्हणायला कधीच जड गेलं नाही.

टॉवर चौकातल्या पहिल्या दुकानात शिरल्या शिरल्या विक्रेत्याने भय्यासाहेबांना हात जोडले.

"आइए अंकलजी. मैडम के लिए? भजन, रेसिपी, बच्चों से वीडियो कॉल, सब हो जाएगा."

"मुझे पुराने कागज़ पढ़ने हैं," जयू म्हणाली. "बड़ी स्क्रीन चाहिए. सत्ताईस इंच."

विक्रेत्याने ऐकलं आणि भय्यासाहेबांकडे पाहून उत्तर दिलं. "अंकलजी, ये देखिए. एकदम हल्का. एक किलो भी नहीं है."

"मुझे उठाना नहीं है भैया, पढ़ना है."

"सत्ताईस इंच तो गेमिंग वाले लेते हैं, अंकलजी. मैडम गेम खेलती हैं?"

मग त्याने एक काळं कपाट दाखवलं. त्याच्या आत लाल, हिरवे, जांभळे दिवे गरगर फिरत होते. बाजूला मोठा पडदा होता खरा, पण तो एकटा विकायचा नव्हता. सगळा संच घ्या, नाहीतर काहीच नाही.

"लाइट मस्त आहे पण," भय्यासाहेब म्हणाले.

जयू सरळ बाहेर पडली.

दुसऱ्या दुकानात सगळं एकातच असलेला चोवीस इंची कॉम्प्युटर होता. जयूने पर्समधून टेप काढली आणि पडद्याची रुंदी मोजली. चार बोटं कमी. मग तिने पेन ड्राइव्ह काढला आणि पत्र उघडायला लावलं. विक्रेता वाकून पाहत राहिला.

"ये उर्दू है क्या?"

"मराठी है."

"मराठी ऐसी होती है?" त्याने आतून दोघांना हाक मारली, त्यांनी आणखी एकाला. चौघंजण पत्राचे फोटो काढू लागले. एकाने विचारलं, खजाने का नक्शा तो नहीं? राम घाटावर पंडे यात्रेकरूला घेरतात तसं त्यांनी तिला घेरलं. पण तिथे निदान काम तरी होतं, पिंड तरी पडतो. इथे अर्ध्या तासाने मालक आला आणि म्हणाला, सत्ताईस इंच इंदौर से मँगवाना पड़ेगा. कधी येईल? कल. उद्या फोन केला तर म्हणे, कल. परवा केला तर फोनच उचलला नाही.

तिसऱ्या दुकानात काय झालं ते जयूने कुणाला सांगितलं नाही. एवढंच, की तिथल्या तरुण मुलीने "दादी" म्हटलं आणि डोळे मिचकावत "अब इस उम्र में आँखों को आराम दीजिए" असा फुकटचा सल्ला दिला. जयू घरी येऊन पाय धुवत होती तेव्हा तिला रडू आलं. राग गिळून गिळून येतं ना, तसं. पाच मिनिटं ती नळ चालू ठेवून न्हाणीघरात उभी राहिली. कुणी तिला कॉम्प्युटर नाकारत नव्हतं. सगळे भरभरून देतच होते, फक्त ती मागते ते सोडून.

"अहो, आपण सरळ इंदूरला जाऊ," तिने रात्री जेवताना सांगितलं. "नानाखेड्याहून बस. घरापासून बसस्टँड दहा मिनिटं. दुपारपर्यंत घेऊन परत."

"इंदूरला?" भय्यासाहेबांचा घास हातात राहिला. "अनोळखी दुकानातून? उद्या बिघडलं तर कुणाच्या नावाने ओरडायचं? अरविंदच्या सौमित्रचं दुकान आहे ना आपलं. घरचा मुलगा. त्याला सोडून इंदूरला गेलो तर अरविंद काय म्हणेल?"

अरविंद म्हणजे त्यांच्याबरोबरचा जुना गार्ड. सौमित्र त्याचा मुलगा, टॉवर चौकाच्या मागच्या गल्लीत दुकान टाकून बसलेला. वस्तू कशीही असो, दुकान ओळखीचं हवं, हा भय्यासाहेबांच्या घराण्याचा कुळाचार. त्यांच्या वडिलांनी म्हणे ओळखीच्या चांभाराकडून तीस वर्षं चावणारे जोडे घेतले होते.

सौमित्र वाकून पाया पडला. जयूने त्याला सगळं सांगितलं. टेप दाखवली, पत्र दाखवलं, डोळ्याचंही सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं, सत्तावीसखाली दोन रेघा मारल्या. जयूला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेतलं होतं.

"काकू, टेन्शनच नका घेऊ. इंदूरला आपली सेटिंग आहे. परवा पीस घरी."

परवा गेला. मग "काकू, गाडी निघूनच राहिली आहे." मग "ड्रायव्हर सुट्टीवर गेला ना." मग "दिवाळीची गर्दी आहे, समजून घ्या." अकरा दिवस गेले. इकडे मधुराबाईंचा मेल आला, "काम कसं चाललंय? काही अडचण नाही ना?" जयूने "नाही" असं उत्तर पाठवलं आणि खोटं बोलल्याबद्दल दिवसभर स्वतःवरच चिडत राहिली.

बाराव्या दिवशी पुष्य नक्षत्र होतं. दिवाळीआधीचा पुष्य म्हणजे उज्जैनमध्ये सगळं गाव बाजारात. सोनं, गाडी, फ्रीज, निदान एक झाडू तरी त्या दिवशी घरात यायलाच हवा. जयूची नेमकी त्याच सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती. डॉक्टर बाहुल्या मोठ्या करायला थेंब घालतात. मग तीन-चार तास सगळं जग दुधात बुडाल्यासारखं दिसतं. भय्यासाहेबांनी तिला बाकावर बसवलं आणि "एक काम आहे, आलोच" म्हणून गेले.

काम सौमित्रकडे होतं. मोठा पडदा आलेला नव्हताच. दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी सौमित्रने भय्याकाकांना आत बसवलं, चहा मागवला. चहावर थांबला असता तर भय्यासाहेब कदाचित वाचले असते. पण मागोमाग कचोरी आली, गरम, वर हिरवी चटणी.

"भय्याकाका, मुहूर्त टळून राहिला आहे," सौमित्र म्हणाला. "हा एकच पीस उरला. काकूंसाठीच ठेवला मी. आता नाही म्हणू नका, बाबांना वाईट वाटेल."

कचोरी खाऊन झाली होती. भय्यासाहेबांनी चष्मा काढला, चष्म्याच्या घरातली ती चिठ्ठी बोटाने बाजूला सारली, बिलावरचा आकडा वाचला आणि सही केली.

ते खोकं घेऊन जयूला घ्यायला आले तेव्हा ती काळा चष्मा लावून भिंत धरून उभी होती. रिक्षात तिने खोक्यावरून हात फिरवला.

"आला? खरंच आला?" आणि मग, "अहो, पण एवढंसं?"

"आजकाल सगळं पातळच येतं," भय्यासाहेब म्हणाले. हे खरंच होतं, म्हणून त्यांना फारसं खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

घरी अहल्याताई ताट घेऊन तयार होत्या. या भय्यासाहेबांच्या थोरल्या बहीण, मागच्याच गल्लीत राहणाऱ्या. कुठल्याही घरात नवी वस्तू आली की तिची पूजा करायचा हक्क त्यांचा. वस्तू पाटावर ठेवली, हार घातला, त्यांनी अक्षता वाहिल्या.

"वन्सं, मला दिसत नाहीये काही," जयू म्हणाली. "तुम्हीच करा."

"तुझी वस्तू, कुंकू तूच लावायचं. मी हात धरते."

अहल्याताईंनी तिचं बोट कुंकवात बुडवलं आणि पाटाकडे नेलं. जयूने आनंदाने, अगदी मनापासून, मोठं स्वस्तिक काढलं. झाकण उघडून आत कुंकवाची दोन बोटं मात्र अहल्याताईंनीच ओढली. हळद वाहिली. मग अहल्याताईंनी नारळ फोडला आणि शास्त्राप्रमाणे त्याचं पाणी चहूबाजूंनी शिंपडलं. जयूने हात जोडून त्या कारकुनाला मनातल्या मनात सांगितलं, थांब बाबा, आज संध्याकाळी तुझा निकाल लागतो.

संध्याकाळी दुधाचा पडदा ओसरला. जयू खोलीत गेली. पाटावर एक पंधरा इंची लॅपटॉप होता. हार घातलेला, लाल स्वस्तिक काढलेला, बटणांच्या फटींतून हळद भरलेला.

तिने त्यावर टेप धरून पाहिली. मग हाक मारली. हाकेचा स्वर ऐकून भय्यासाहेबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मी काय मागितलं होतं?"

"कॉम्प्युटर."

"कसला?"

भय्यासाहेबांनी विचार केला. "चांगला," ते म्हणाले.

मग जयू बोलली. चाळीस वर्षांत बोलली नव्हती एवढं बोलली. "मी आंधळी होत चाललेय, तुम्हाला कळतंय का? मला पातळ नको, हलकं नको, चांगलंही नको. मला मोठं हवं होतं! एक गोष्ट मागितली. चिठ्ठी लिहून दिली. टेपने मोजून सांगितलं. आणि तुम्ही मला डोळ्यांनी दिसत नव्हतं त्या वेळात हे उरकून आलात!" भय्यासाहेब खाली मान घालून उभे राहिले. पण परत करू या, असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले ते हे, "पुष्यावर घेतलेली वस्तू परत करायची नसते गं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच जयू पायरीवर हजर होती. मागे भय्यासाहेब, हातात खोकं. सौमित्रने खोकं उघडलं, हार बाजूला केला आणि झटकन दोन पावलं मागे सरला.

"काकू, ह्याची तर पूजा झाली आहे ना!"

"झाली. मग?"

"पुष्याची पूजा झालेली वस्तू कशी परत घेऊ? सणाच्या तोंडावर माझ्या दुकानातून लक्ष्मी उलटी फिरेल. बाबा मला घरात घेणार नाहीत." त्याने हात जोडले, लॅपटॉपला की जयूला ते कळलं नाही. "कुंकू कुणी लावलं?"

जयूने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "मी," ती म्हणाली.

"मग झालं ना, काकू. तुमची वस्तू झाली ती."

भय्यासाहेबांनी मान डोलावली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनीही थांबून मान डोलावली. सगळं उज्जैन एका बाजूला आणि जयू एका बाजूला. भांडायचं तर कुणाशी? ते बोट तिचंच होतं. काल ज्या कुंकवाने तिला आनंद झाला होता त्यानेच तिचा दरवाजा लावून घेतला होता. सौमित्रने मुलाला हाक मारली, "काकूंना चहा सांग." जयू ओरडली, "चहा नको!" तेव्हा भय्यासाहेबांसकट सगळे दचकले.

ओरडून तिने मान फिरवली, आणि समोरच्या भिंतीवर तिची नजर गेली. तिथे एक मोठा टीव्ही लावलेला होता. त्यावर दुकानाच्या लॅपटॉपवरचीच चित्रं मोठी होऊन दिसत होती. लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत एक काळी तार गेली होती.

"ही काय?"

"ती? ती लावली की लॅपटॉपवरचं सगळं टीव्हीवर दिसतं. कुठल्याही टीव्हीला लागते, काकू."

"कुठल्याही?"

"एकदम."

"दे," जयू म्हणाली.

भय्यासाहेबांचा चेहरा उजळला. तारेवर भागलं! वस्तू परत करायला नको, अरविंदला तोंड दाखवायला नको, सगळं गोडीत मिटलं. रिक्षात ते शीळ घालत होते. घरी पोचून जयू बैठकीत शिरली, त्यांची आरामखुर्ची बाजूला ओढली आणि भिंतीवरच्या त्रेचाळीस इंची टीव्हीमागे हात घातला, तेव्हा कुठे शीळ थांबली.

"अगं, दीड वाजता मॅच आहे!"

"फोनवर बघा," जयू म्हणाली. "बोटांनी मोठी करता येते. नाहीतर आडवा धरा."

जेवणाचं टेबल भिंतीपाशी आलं, त्यावर लॅपटॉप. बटणं दाबली तशी बोटांची टोकं लाल-पिवळी झाली. तार बसली. एक क्षण टीव्ही काळा राहिला, आणि मग सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा तो कागद सगळ्या भिंतीवर पसरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ, आणि रेघेला टांगलेली अक्षरं, बोटाएवढाली. ओळ कुठेही तुटली नव्हती. जयूने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. उजवा डोळा झाकून पाहिलं, डावा झाकून पाहिलं. झिजलेल्या डोळ्यालाही दिसत होतं.

भय्यासाहेब मागे दिवाणावर बसले होते. हातात रिमोट, पण दाबायचं काही उरलं नव्हतं.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"उज्जैनचा कारकून आहे. दफ्तरातला कागद संपलाय. कागद पाठवा म्हणून याने वरच्यांना तीन वेळा लिहिलंय." जयू पुढे वाकली आणि बोट हवेत धरून सावकाश वाचू लागली. "'त्याजवर हुजुरून... शालजोडी आली.'"

"शालजोडी?"

"थांबा हो. 'शाल उत्तम. ऊब बहुत. सरकारची मेहेरबानी थोर. परंतु शालेवर लिहितां येत नाहीं.'"

भय्यासाहेब खो खो हसले. "वा रे वा! मागितला कागद आणि पाठवली..." म्हणता म्हणता त्यांची नजर टेबलावरच्या लॅपटॉपकडे गेली. आतल्या बाजूला ओढलेली कुंकवाची दोन बोटं त्यांच्याच दिशेला होती. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

जयू टाइप करत होती. भय्यासाहेबांनी रिमोट दिवाणावर ठेवला. खिशातून चष्म्याचं घर काढलं, चष्मा लावला, आणि तळाशी दबलेली ती चिठ्ठी बोटांनी उकलली. घडी पडून अक्षरं जरा पुसट झाली होती, तरी ठळक होती. चिठ्ठी दोन ओळींचीच. ती त्यांनी दोनदा वाचली.

"जयू," ते म्हणाले, "इंदूरची बस कितीला असते गं?"

जयूने मान वळवली नाही. "दर पंधरा मिनिटांनी," ती म्हणाली. "पहिल्यापासून."